जावयाचे पाय

आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, हात मेंदीने रंगवतात. पुरुष पत्ते कुटतात. धरणगावच्या सासुरवाडीत मीही पत्तेच कुटायचे. पण वैशाखाच्या उन्हाने तळपायांची आग होत होती आणि ते मी सासूबाईंसमोर बोललो.

“मेंदी थापा,” त्या म्हणाल्या. ही मेंदी शोभेची नव्हे, थंडाव्याची, रीत जुनीच. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या ममीचे केससुद्धा मेंदीने रंगवलेले आहेत. पुरुषांच्या बाजूने एवढा वजनदार साक्षीदार मिळाल्यावर मी पाय पुढे केले. मेव्हणीने राजस्थानातल्या सोजतची पूड भिजवली. 2021 साली भौगोलिक मानांकन मिळवलेली ती पूड माझ्या टाचांच्या भेगांत शिरली. थंडावा वाटला, लगद्यातलं पाणी सुकेपर्यंत. मग पाय हवेत धरून मी पडून राहिलो आणि माझी पानं मेव्हणा खेळला. हरलो मी.

धुतल्यावर फिकट नारिंगी रंग होता. तेवढ्यात सासरे म्हणाले, उद्या एका घरी दुखवट्याला जायचंय, तुम्हीही चला. “उद्यापर्यंत उडेल,” मी म्हणालो. बायका पोट धरून हसल्या.

मेंदीतलं लॉसोन कातडीच्या केराटिनला चिकटतं आणि हवा लागून दिवस-दोन दिवस गडद होत जातं. शरीरातली सर्वांत जाड कातडी तळपायाची! मी लिंबू घासलं. लिंबाने मेंदी खुलते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण जावयाला अडवणार कोण? सकाळी तळपाय कात-चुना जमलेल्या विड्यासारखे लालभडक. 1890 साली याच गावात जन्मलेल्या बालकवींनी निसर्गाचे किती रंग शब्दांत उतरवले. हा त्यांच्या दृष्टीस पडला नसावा.

सासऱ्यांचे मोजे घातले. नेमकी टाचेलाच भोकं. शोकाकुल बैठकीत मांडी घालून बसलो, तर दोन्ही भोकांतून लाल टाचा सगळ्यांकडे बघायला लागल्या. सासरे छताकडे बघत होते.

शेजारच्या आजोबांनी वाकून विचारलं, “जवाई, पायसले काय व्हयनं?”

मी पुटपुटलो, “आग होत होती... मेंदी...”

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, आवाज आणखी खाली नेला. “मना बी पायस्नी भलती आग व्हस. उरेल शे का?”