देवळीला रेल्वे किती टर्नमध्ये?

वर्धा जिल्ह्यात वर्षानुवर्षं दारूबंदी आहे. ‘सिव्हिलायझेशन’ नावाच्या संगणक-खेळावर मात्र कुणी बंदी घातली नाही, म्हणून आमच्यासारखे वाया गेले. दोन्ही व्यसनांतलं वाक्य एकच: बस, हा शेवटचा. आई आतून विचारते, ‘बाबू, झोपतं का नाही रे?’ आणि इकडे रोमन सैन्य वेशीवर आलेलं असतं. शाळेत असताना हे असंच होतं, आता चाळिशीचा चष्मा लावूनही तसंच आहे.

सिड मायरचा हा खेळ १९९१ मध्ये आला. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एक तांडा हाती मिळतो. त्यातून गाव वसवायचं, लिपी शोधायची आणि जमलंच तर शेवटी अंतराळयान सोडायचं. आपली चाल झाली की बाकीच्यांची, मग पुन्हा आपली; अशी एक फेरी म्हणजे एक टर्न. घाई अजिबात नाही.

पण मी अडकलो तो दुसऱ्याच गोष्टीत. गावात काही बांधायला घेतलं की समोर लिहून येतं: धान्याचं कोठार, आठ टर्न. आणि आठ टर्न झाले की कोठार उभं! फेरनिविदा नाही, भूमिपूजनाचा मांडव नाही. आमची वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे २००८-०९च्या अर्थसंकल्पात आली. तिच्यावर वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबला जाणारी गाडी सुटली फेब्रुवारी २०२४ मध्ये. आता या खेळाच्या पाचव्या भागात सुरुवातीचा एक टर्न चाळीस वर्षांचा असतो. त्या हिशेबानं रेल्वे अर्ध्या टर्नच्या आत आली, तक्रारीला जागाच नाही. रेल्वेवाले ताम्रयुगात खेळताहेत, एवढं फक्त आधी सांगायला हवं होतं.

याच पाचव्या भागात कापूस ही चैनीची वस्तू आहे. कापसाचा एक मळा लावला की अख्ख्या साम्राज्याचा आनंद चार गुणांनी वाढतो. हे वाचून मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. खेळात बोंडअळी नाही, रात्री रोही घुसत नाहीत, आणि ओलावा बारा टक्क्यांवर गेला म्हणून कापूस खरेदीला बसलेली सीसीआय गाडी परत पाठवत नाही.

गांधीजींचं प्रकरण त्याहून भारी. लोकशाही स्वीकारली की पहिल्या भागातल्या गांधींची आक्रमकता एकावरून दोननं घटते, शून्याखाली जाते आणि उलटून थेट २५५ होते; मग ते अणुबाँब टाकत सुटतात, अशी दंतकथा जगभर फिरली. मायरनं २०२० च्या आत्मकथनात ती खोटी ठरवली. पण तोवर पाचव्या भागात निर्मात्यांनी गंमत म्हणून गांधींची अण्वस्त्रांची ओढ मुद्दाम दहापैकी बारा करून ठेवली होती. लोक हसले. मला मात्र वाटलं, यांनी आमच्या जिल्ह्याचा नकाशा पाहिला असणार. १९३६ पासून बापू राहिले ते सेवाग्राम इथलं, आणि लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडारही इथलंच, पुलगावला, आमच्या देवळी तालुक्यात. दारूबंदीत ही दारू चालते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सातवा भाग आला. त्यात नेता शेवटपर्यंत तोच राहतो, पण खेळ आला तेव्हा युग बदललं की संस्कृती बदलावी लागायची. अशोकाला घेऊन मौर्य म्हणून सुरुवात करा, पुढे चोल व्हा, मग मुघल. जगभरचे जुने खेळाडू खवळले. भर डावात माणूस आपली ओळख टाकून दुसरी कशी पांघरेल, असा त्यांचा सवाल. महाराष्ट्रातून मात्र अशी तक्रार माझ्या तरी कानावर आली नाही. आपल्या राजकारणात हा भाग २०१९ पासूनच सुरू आहे, आणि युग संपायची वाट कुणी बघत नाही.