अ, ब आणि पांढरा घोडा

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये कुठल्याही भानगडीवरचा शेवटचा उपाय म्हणजे बाँड. गाळा भाड्याने द्यायचा असो, भावाभावांत दुकान वाटून घ्यायचं असो, नाहीतर मेहुण्याने उसने नेलेले पन्नास हजार असोत. बोलणं फाटायला आलं की घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस घसा खाकरून म्हणतं, "बाँडवर लिहून घ्या." तेवढ्यावर तणाव उतरतो आणि चहा येतो. पूर्वी हा बाँड शंभराचा असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने शंभर-दोनशेचे मुद्रांक काढून टाकले आणि सुरुवातच पाचशेपासून केली. तेव्हा लोकांना जादा चारशे रुपयांचं दुःख झालंच, पण शंभराच्या बाँडचं सुतकही बरेच दिवस चाललं.

या बाँडवर काय लिहिलंय ते सहसा कुणी वाचत नाही. टायपिस्टकडे मजकूर तयार असतो, नावं तेवढी बदलायची. त्यामुळे बैठ्या बरॅकमधल्या खोलीच्या करारात लिफ्टच्या देखभालीचं कलम निघतं आणि त्याखाली दोन्ही पक्ष गंभीर चेहऱ्याने सह्या करतात. वर नोटरीचा लाल गोल शिक्का. तो उमटला की कागदात प्राण आला, अशी आमची श्रद्धा.

गंमत अशी, की ज्या कायद्याच्या भरवशावर हे सगळं चालतं तो बाँडबद्दल जवळजवळ बोलतच नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा जरूर वाचून पाहावा. कलम दहा विचारतं ते एवढंच : दोघांची संमती मोकळ्या मनाची आहे ना, दोघे कराराला लायक आहेत ना, मोबदला काही ठरलाय का, आणि हेतू कायद्यात बसतो का? विशिष्ट व्यवहारांसाठी दुसऱ्या कायद्यांनी लेखी कागद मागितलाय ते वेगळं. एरवी तोंडी बोललेलंही चालतं. म्हणजे कायदा आधी माणसाच्या डोक्यात डोकावतो, आणि आपण आधी कागदाचा भाव विचारतो.

या कायद्याची खरी मजा त्याच्या उदाहरणांत आहे. त्यात अ आणि ब नावाचे दोन गृहस्थ आहेत, आणि दीडशे वर्षं ते एकमेकांशी अखंड व्यवहार करताहेत. इतके वेळा फसूनही त्यांची मैत्री तुटलेली नाही. अ ब ला शंभर टन तेल विकतो, पण कसलं तेल ते सांगत नाही; करार रद्द. अ ब कडून घोडा घेतो, तर सौदा होताना घोडा आधीच मेलेला, आणि दोघांनाही पत्ता नाही, करार रद्द. जादूने गुप्तधन शोधून देतो म्हणून अ कबूल होतो, तोही रद्द. एकदा तर अ म्हणतो, माझा पांढरा घोडा तुला पाचशेला किंवा हजाराला विकला. पाचशे की हजार, हे ठरलेलंच नाही. कलम एकोणतीस म्हणतं, असल्या मोघम बोलण्याला करार म्हणत नाहीत.

आमच्या कॅम्पात घोडा दिसतो तो फक्त वरातीत. पण त्या पांढऱ्या घोड्याचा सौदा इथे रोज होतो, फक्त तो जीन्सचा असतो. कटिंग केलेला माल शिलाईला जातो, तिथून वॉशला, मग बटण, लेबल, पॅकिंग. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कुणाला विचारतं, "रेट काय?" आणि उत्तर येतं, "चाळीस-पंचेचाळीस करू. घरचंच आहे, बघू नंतर." पुरावा म्हणून एक चिठ्ठी, तिच्यावर नगांचा आकडा आणि उलटं-सुलटं कसंही वाचता येईल असं एक आद्याक्षर. इथे एक बारकी खोच आहे. माल विकताना किंमत मुळीच काढली नाही, तर १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो, वाजवी किंमत द्या. गप्प राहणाऱ्याला सांभाळून घ्यायची सोय आहे. दोन आकडे बोलणाऱ्याची मात्र पंचाईत.

अ आणि ब मधला एक प्रसंग मला तर कालच घडल्यासारखा वाटतो. अ म्हणतो, तुला सरकारी नोकरी लावून देतो; ब म्हणतो, मी हजार रुपये देईन. १८७२ मध्ये! मोबदलाच बेकायदा, म्हणून रद्द. आज रक्कम लाखांत गेली आहे आणि अ चे वंशज प्रत्येक तालुक्यात आहेत. पण ब चे वंशज त्याहून थोर. ते हा व्यवहारसुद्धा बाँडवर लिहून घेतात, आणि अ ने फोन उचलणं बंद केलं की तो कागद वकीलसाहेबांपुढे विश्वासाने ठेवतात. वकीलसाहेब वाचतात, चष्मा काढतात आणि पाणी मागवतात.

दुकानाच्या पाट्याही बघण्यासारख्या असतात. 'अँड सन्स' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि ते सन्स गल्ल्यामागे बसून पाचवीचा गृहपाठ करत असतात. अठराच्या आतल्याशी केलेला करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये लंडनमध्ये बसून ठरवलं. कलकत्त्याच्या धर्मोदास घोषने अज्ञान वयात वीस हजारांसाठी मालमत्ता गहाण टाकली होती, आणि सावकार हात चोळत राहिला. फर्मच्या फायद्यात पोराला वाटेकरी करता येतं, पूर्ण भागीदार नाही. पण पोराचं सोडा, खुद्द बापकाकांची फर्म तरी रजिस्टर कुठे असते? १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो, की नोंदणी नसलेल्या फर्मला करारापोटी बाहेरच्या माणसावर दिवाणी दावाच लावता येत नाही. वीस वर्षं धंदा, पाच लाखांची थकबाकी, कागद पक्का, शिक्का लाल. आणि कल्याण कोर्टात पहिलाच प्रश्न, फर्मची नोंदणी कुठे आहे?

जागेच्या बाबतीत तर आम्ही थेट इतिहासातच राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बरॅकी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मिळाल्या. १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर नाव दिलं गेलं, तरी पत्त्यातला कॅम्प काही गेला नाही. पुढे १९५४ च्या पुनर्वसन कायद्याखाली सनदा मिळाल्या. सनद एकाची, मग त्याने दुसऱ्याला कुलमुखत्यारपत्र दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला नोटरी करून दिली, आणि आज राहणाऱ्याकडे पिवळ्या कागदांची एक पिशवी असते. तिला घरात देवघराखालोखाल मान. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. शंभर रुपये किंवा वरच्या किमतीची जागा नोंदवूनच विका, हा नियम तर १८८२ पासूनचा. आणि आम्ही ती नेमकी शंभराच्याच बाँडवर घेत आलो! शिवाय पिशवीतले कागद सरळ निघाले तरी इमारत सरळ असेलच असं नाही. शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी कायदा करावा लागला. असा मान फार थोड्या शहरांना मिळतो.

भाड्याच्या अकरा महिन्यांची कथाही अशीच. बारावा महिना टाळला की नोंदणी टळते, हे आमच्याकडे बाळकडूत मिळतं. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवायला सांगितला आहे. नोंदला नाही, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरून चालायचं, आणि शिक्षा झालीच तर मालकाला.

या सगळ्यात ज्या दोषाला आपण सर्वांत जास्त भितो, तो मुद्रांकाचा, म्हणजे कराराला झालेली नुसती सर्दी आहे. मुद्रांक कमी पडला तर कागद पुराव्यात घेत नाहीत. बाकीचं शुल्क आणि दंड भरला की घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हेच सांगितलं : बिनमुद्रांकाचा करार त्याच कारणाने शून्य होत नाही, दोष भरून काढता येतो. घोडा मेलेला असेल तर मात्र कितीही शुल्क भरा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या गल्लीतल्या एका शिलाई युनिटवाल्याला म्हटलं, "दादा, चिठ्ठीवर चाळीस किंवा पंचेचाळीस, काय ते एक लिहून घेत जा की. उद्या सेठने हात वर केले तर?"

त्याने मशीन थांबवलं. "लिहिलं की सेठ चाळीसच लिहिणार," तो म्हणाला. "मग दिवाळीला मी पंचेचाळीस कशाच्या जोरावर मागू?"

समोरच्या गाळ्यात सेठ बसले होते. त्यांनाही तोच प्रश्न टाकला. त्यांनी गल्ला बंद केला आणि हसून म्हणाले, "साईं, लिख दिया तो पैंतालीस लिखना पडेगा ना!"