मस्टर गेलं, शीट आली

१९७३ साली दोन गोष्टी जन्माला आल्या. इकडे मुंबईत जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं. तिकडे लॉस एंजेलिसला जॅक नाइल्स नावाच्या इंजिनिअरने ‘टेलिकम्युटिंग’ची कल्पना मांडली. माणसं रोज गाडीत बसून कामाकडे जातात, त्यापेक्षा कामच माणसांकडे पाठवा, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकल्यामुळे लोकांनी ते निदान ऐकून तरी घेतलं.

माझी नोकरी या दोघांच्या जिवावर चालते. नाइल्सच्या कृपेने मी आठवड्यातले काही दिवस कोथरूडच्या घरात बसून काम करते आणि ‘कालनिर्णय’ समोर धरून क्लायंटचं कंटेंट कॅलेंडर भरते. संक्रांतीला तिळगूळ, वटपौर्णिमेला वड, दिवाळीला पणती. कोणत्या सणाला बँकेने काय म्हणायचं आणि बिल्डरने काय म्हणायचं, हे आम्ही दोन महिने आधी ठरवतो. यातल्या एकाच कॅलेंडरमध्ये लिहिलेलं लिहिल्या दिवशी घडतं. ते आमचं नव्हे.

मार्च २०२० मध्ये सगळे घरी गेले तेव्हा साहेब लोकांची खरी पंचाईत कुणाच्या लक्षात आली नाही. त्यांचं अर्धं काम डोळ्यांनी चालायचं. कोण किती वाजता आलं, कोण चहाला किती वेळा उठलं, कोण सात वाजले तरी खुर्चीत आहे, हे बघितलं की झालं व्यवस्थापन. एका रात्रीत खुर्च्या रिकाम्या झाल्या. आता बघायचं काय? मग त्यांनी प्लॅन बघायला सुरुवात केली.

तेव्हापासून आमच्याकडे वर्षाचा प्लॅन आहे, तिमाहीचा आहे, महिन्याचा आहे, आठवड्याचा आहे आणि सकाळी दहाच्या कॉलवर तोंडी म्हणून दाखवायचा त्या दिवसाचाही आहे. संध्याकाळी टाइमशीट भरायची, म्हणजे सकाळच्या प्लॅनची उत्तरक्रिया. शीटमध्ये रंग असतात. लाल म्हणजे राहिलं, पिवळा म्हणजे क्लायंटकडे अडकलं, हिरवा म्हणजे झालं. माझ्याबरोबरची एक मुलगी एवढी हुशार, की ती काम सुरू करायच्या आधीच खाना पिवळा करून ठेवते. पिवळ्याला कुणी काही विचारत नाही.

हा प्लॅन कामासाठी नसतो. ती हजेरी असते. पूर्वी मस्टरवर सही करायची, आता शीटमध्ये रंग भरायचा.

पुरावा हवा असेल तर गेल्या गणेशोत्सवातला देते. क्लायंट मसालेवाले, कोकणातले. गणेश चतुर्थीच्या पोस्टची ओळ जूनमध्येच शीटमध्ये पडली होती. विषय, कॉपी, क्रिएटिव्ह, आतली मंजुरी, क्लायंटची मंजुरी, शेड्यूल असे सगळे खाने एकामागून एक हिरवे होत गेले. सोमवारच्या कॉलवर ही ओळ दर वेळी मोठ्याने वाचली जायची आणि कुणीतरी ‘ग्रेट’ म्हणायचं. आदल्या रात्री क्लायंटने पोस्ट सहज चिपळूणला आईला दाखवली. आईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘‘अरे, हा मोदक कुठला? याच्या कळ्या आडव्या वळल्यात, वर टोक नाही. हा तो गाडीवरचा मोमो आहे.’’

होताच मोमो. फोटोंच्या साइटवर डिझायनरने ‘मोदक’ टाकलं, साइटने तिला जमेल तसं ओळखून दिलं. इतक्या लोकांनी ते मंजूर केलं, पण चित्र एकानेही बघितलं नाही. सगळ्यांनी खाना बघितला. बघितलं ते फक्त आईंनी, कारण त्यांना शीटचा ॲक्सेस नव्हता. मग रात्री अकराला खरा मोदक शोधण्याची धावपळ. तिची नोंद मात्र कुठल्याच प्लॅनमध्ये नाही. खरं काम असं नेहमीच प्लॅनबाहेर होतं.

प्लॅन फसतो, हे काही माझं संशोधन नव्हे. डॅनिएल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या आजाराला शास्त्रीय नाव देऊन ठेवलं. काहनेमन स्वतःचीच गोष्ट सांगायचे. इस्रायलमध्ये त्यांच्या गटाने शाळेसाठी एक अभ्यासक्रम लिहायला घेतला, विषय होता माणसं निर्णय कसे घेतात. सगळ्यांचा अंदाज, साधारण २ वर्षं लागतील. लागली ८. तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळला आणि तो अभ्यासक्रम कुठे वापरलाच गेला नाही. पुढे याच माणसाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्याकडे असता तर त्याची ओळ लाल करून त्याला कॉलवर घेतलं असतं.

ज्यांचं शीटनेही समाधान होत नाही, ते चॅटमधल्या नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्याकडे बघतात. ठिपका हिरवा म्हणजे माणूस जिवंत. मग माणसंही ठिपका जिवंत ठेवतात. अमेरिकेत वेल्स फार्गो या बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना काढलं; कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केलं, हा आरोप. सोंग वाईटच. पण बोटं हलताहेत यालाच काम समजा, असं आधी कुणी शिकवलं?

घरच्यांचा प्लॅन तर विचारूच नका. घरी आहे म्हणजे रिकामी आहे, यावर आमच्या इमारतीचं एकमत आहे. चार मजल्यांची कुरिअरं माझ्याकडे येतात. सिलिंडरवाला मला नावाने ओळखतो. क्लायंट बजेट कापत असताना मागून आई हळूच म्हणते, ‘‘अगं, एवढं दूध बघ, उतू जाईल.’’ लग्नाच्या बाजारातही या कामाला दोन भाव आहेत. मुलाच्या बायोडेटात ‘वर्क फ्रॉम होम’ दिसलं की विचारतात, ‘‘कंपनी बरी आहे ना?’’ मुलीच्या दिसलं की चेहरा उजळतो, ‘‘म्हणजे घर सांभाळून करता येईल!’’ अशी दोन स्थळं मी स्वतः नाकारली आहेत. त्यात प्लॅन नव्हता, आनंद होता.

रात्रीचं म्हणाल तर फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क आहे. आपल्याकडेही सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचा आपल्याकडचा शेवटचा प्रसंग १९७० चा. तेव्हा रात्री साडेदहाला ‘जागी आहेस का, दोन मिनिटं कॉलवर ये’ असा मेसेज आला, तर तूर्त जागं असावं हे बरं.

घरून काम केल्याने नुकसान होतं का, हेही एव्हाना तपासून झालं आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १६०० हून जास्त लोकांवर प्रयोग केला. काहींना आठवड्यातले २ दिवस घरी, काहींना पूर्ण वेळ ऑफिस. २०२४ मध्ये निकाल छापून आला. कामात फरक नाही, बढत्यांमध्ये फरक नाही, नोकरी सोडून जाणारे मात्र एकतृतीयांशाने कमी. गंमत म्हणजे, आधी नाकं मुरडणाऱ्या मॅनेजरांचंही मत प्रयोग संपेपर्यंत बदललं होतं.

आमच्याकडे निकाल छापून यायच्या आधीच वारं उलटं फिरलं होतं. ज्या झूमवर सगळं जग घरी बसलं, त्या झूमनेच ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या ऑफिसांच्या जवळपास राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून २ दिवस ऑफिसात बोलावलं. मग बाकीच्यांना कशाला लाज वाटेल? आमच्याही एजन्सीने हाक दिली. ‘समोरासमोर बसल्याने कल्पना सुचतात,’ असं मेलमध्ये होतं. आता मी सिग्नलांवर तास घालवून बाणेरला पोचते, मशीनवर बोट ठेवते, कानात हेडफोन घालते आणि मुंबईच्या क्लायंटशी झूमवर बोलते. शेजारच्या खुर्चीतला डिझायनरही त्याच कॉलवर असतो. आमचे आवाज एकमेकांवर आपटतात म्हणून तो उठून जिन्यात जातो.

एवढं करून शीट बंद झाली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही झाली. मस्टर परत आलं आणि शीटही राहिली. ऑफिसात कोण कधी येणार, यासाठी तर आता एक वेगळी शीट आहे. तीही सोमवारी वाचली जाते.

तेव्हा साहेब, एक विनंती आहे. बोट घ्या किंवा शीट घ्या, दोन्ही घेऊ नका. आणि यंदाची चतुर्थीची पोस्ट हिरवी करण्याआधी फाइल एकदा उघडून बघा.