पंधरा वर्षं ठणठणीत

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीत नवी जीजे-०६ पाटीची गाडी आली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, लिंबू-मिरची लटकते. तपासणी म्हणाल तर एवढीच. पीयूसी पहिलं वर्षभर माफ. फिटनेसचा प्रश्न खाजगी गाडीला थेट १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी. तोवर ब्रेक-टायर मालकाने बघावेत अशी अपेक्षा. मालक काच पुसतो.

फाटकापाशी उभ्या रिक्षाला मात्र नवेपणाची सूट २ वर्षं, मग दर दोन वर्षांनी आणि ८ वर्षांनंतर दरसाल फिटनेस तपासणीची वारी. ती पोटासाठी धावते ना, मग संशय आलाच! (रिक्षा तपासू नये असं कोण म्हणतंय?) आपली गाडी चौदाव्या वर्षी ब्रेक दाबला की हॉर्न वाजवते, पण कागदोपत्री तिची तब्येत उत्तम.