बोट थांबते कुठे?

चिंचपोकळीच्या माणसाला 'थीम' म्हणजे काय हे कुणी शिकवायला जाऊ नये. भाद्रपद आला की स्टेशनाबाहेर पडून पायी फिरण्याइतक्या टापूत आमच्याकडे अख्खा भारत उभा राहतो. गणेश गल्लीत एका वर्षी काशी विश्वनाथ, एका वर्षी उज्जैनचं महाकाल. चार पावलं पुढे गेलं की रायगड. आमचा चिंतामणी १९२० सालचा, गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं, लालबागचा राजा १९३४ चा. म्हणजे इथल्या तीन-चार पिढ्या प्लायवूडचा राजवाडा कसा होतो ते पाहत, खिळे पुरवत, वर्गणी मागत मोठ्या झाल्या. कुठला खांब संगमरवरी वाटतो आणि कुठल्याची लायटिंग चुकली, हे आमच्याकडचं चौथीतलं पोरही सांगतं. वर हेही सांगतं की, 'गेल्या वर्षीचं चांगलं होतं.'

त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं दिवाळीच्या सुट्टीत क्रूझचं बुकिंग केलं आणि तिचं रंगीत माहितीपत्रक व्हॉट्सॲपवरून चाळभर फिरलं, तेव्हा सगळ्यांनी ते परीक्षकाच्या नजरेनं वाचलं. पोहण्याचा तलाव, नाटकगृह, जादूचे प्रयोग, मुलांना सांभाळणारी वेगळी खोली, जिम, स्पा, कॅसिनो, जैन जेवणाची सोय. शिवाय डेकवर चढण्यासाठी एक भिंत. चढणाऱ्याच्या कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट, खाली प्रशिक्षक. फोटो पाहून गोविंदा पथकातला एक मुलगा म्हणाला, 'एकटाच चढतोय? मग खालचे काय करतात?' जैन जेवणावर त्या घरातल्या वहिनींचं मत वेगळं पडलं. चहूबाजूंनी समुद्र आणि ताटात पनीर, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

खरा प्रश्न मात्र तात्यांनी विचारला. तात्या म्हणजे आमच्या मजल्याचे ज्येष्ठ. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, इथे गिरणीत साचे चालवण्यात जन्म गेला, आता खुर्ची गॅलरीत टाकून बसतात. सुविधांची अख्खी यादी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले,

'ता सगळा ठीक आसा. पण बोट थांबता खंय?'

'कुठेच नाही, तात्या. समुद्रात जाते आणि परत येते.'

'मगे उतरतलास खंय?'

'जिथे चढलो तिथेच.'

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मगे चडतास कित्याक?'

चाळ हसली. पण मला तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस सोडेना.

तात्यांची बोट निराळी होती. चिंचपोकळीहून भाऊचा धक्का काही लांब नाही. ट्रंका, वळकट्या आणि पोरंबाळं घेऊन लालबाग-परळची माणसं मे महिन्यात आणि शिमग्याला तिथे पोचायची. रोहिणी, चंद्रावती, चंपावती, नंतरच्या काळात कोकण सेवक, कोकण शक्ती आणि सरिता ही नावं त्या पिढीला घरच्या लेकीसुनांच्या नावांइतकी पाठ. बोट लागली की पहिलं काम म्हणजे डेकवर सतरंजी पसरणं. जितकी सतरंजी तितकं तुमचं राज्य. मग दशम्या, सुकटीची चटणी, पत्ते, भजन आणि ओळख. समोरच्या सतरंजीवरचा माणूस कुठल्या गावचा, कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, एवढं कळलं की दूरचं नातं निघायचंच. काही बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राही आणि पडाव यायचे. हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं, तेही काखेत पोर आणि हातात ट्रंक घेऊन. हल्लीच्या भाषेत ह्याला 'ॲडव्हेंचर ॲक्टिव्हिटी' म्हणतील आणि आधी सही घेतील.

या बोटीला थीम नव्हती. असलीच तर लिंबू. कारण बोट लागायची, म्हणजे पोटात लागायची, आणि मग कुळशीलाचा काही भेद उरत नसे. त्या प्रवासाच्या आठवणी काढून आज गहिवरणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतले बहुतेक तेव्हा लहान होते आणि त्यांची ओकारी दुसऱ्या कुणीतरी पुसली होती. पुसणाऱ्यांना विचारा. माझ्या ओळखीच्या एक आजी म्हणतात, कोकण रेल्वे आली तेव्हा देवाला नारळ फोडला तो गाडी आली म्हणून नव्हे, बोट सुटली म्हणून. बोटीची वाहतूक तशी आधीच बंद पडत आली होती. पुढे १९९०च्या दशकात गोव्याला कॅटामरान धावली. १९९८ साली रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चाकरमान्यांचा समुद्राशी उरलासुरला व्यवहार मासळीपुरता राहिला.

समुद्रावर माणसं पुन्हा जाऊ लागली ती हौसेनं. २०१८ साली माझगावच्या पर्पल गेटमधून गोव्याला 'आंग्रिया' सुटली. तिच्या नावात कान्होजी आंग्रे होते आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रात असलेलं आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठारही होतं. ती टाळेबंदीत थांबली. २०२१च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून निघू लागलं. हे जहाज आपल्याकडे नवं असलं तरी वयानं नवं नाही. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत ते १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधलं गेलं, मायामीहून बहामाच्या छोट्या फेऱ्या त्यानं केल्या, दोन-तीनदा नाव बदललं आणि तिशी उलटल्यावर मुंबईला नांदायला आलं. अकरा मजले, दोनशे मीटरहून जास्त लांबी. शंभरी गाठलेल्या चाळीत राहणाऱ्यांना तिशीच्या इमारतीचं वय काही खटकत नाही. आमची पहिली चौकशी एवढीच होती, 'पाणी किती वाजता येतं?'

आता तर बेलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल झालंय, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय करणारं. त्याचं उद्घाटन २०२५च्या सप्टेंबरात झालं. आणि जगातली नवी कौटुंबिक जहाजं पाहिली तर आपलं 'एम्प्रेस' धाकटी बहीण वाटावी. 'आयकॉन ऑफ द सीज' २०२४च्या जानेवारीत निघालं. वीस मजले, सात तलाव, सहा पाण्याच्या घसरगुंड्या, मध्यभागी खऱ्या झाडांची बाग आणि सगळ्या जहाजाच्या आठ वाड्या पाडलेल्या, त्यांतली एक खास लहान मुलांच्या कुटुंबांसाठी. सिंगापूरसाठी बांधलेलं डिस्नेचं 'ॲडव्हेंचर' तर त्याहून मजेशीर. जर्मनीतल्या विस्मारच्या गोदीत ते वेगळ्याच कंपनीसाठी अर्धवट बांधलं गेलं होतं. २०२२ साली गोदीचं दिवाळं वाजलं तेव्हा डिस्नेनं ते उचललं आणि आत सात नगरं वसवली. कुठे खेळण्यांच्या गोष्टीतलं गाव, कुठे अर्धं जपानी अर्धं अमेरिकी असं कार्टूनमधलं शहर, आणि वरच्या डेकवर धावणारी रोलर कोस्टर. जवळपास पावणेसात हजार प्रवासी मावतील एवढं हे जहाज. आणि त्याच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांचा आराखडा असा, की मध्ये एकही बंदर नाही. सिंगापूरहून निघायचं, सिंगापूरलाच उतरायचं. तात्यांना आलेली शंका ही त्या जहाजाची जाहिरात आहे.

तिथे मला तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. जी बोट वेंगुर्ल्याला न्यायची तिला सजावटीची गरज नव्हती, कारण सगळ्यांचे डोळे वेंगुर्ल्याकडे लागलेले असत. पोचणं काढून टाकलं की मधली जागा भरायला काहीतरी लागतं. मग तिथे घसरगुंडी येते, जादूगार येतो, सात नगरं येतात. नवी जहाजं तर प्रवाशाला समुद्राची आठवणही होऊ देत नाहीत. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती बाहेर काढतात, ती लाटेच्या उलट दिशेला वळतात आणि जहाजाचं डुलणं बरंच कमी करतात. लिंबू खिशातच राहतं.

हे कळायला खरं तर समुद्रावर जायची गरज नव्हती. आमच्या गॅलरीतूनही ते दिसतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरण्या सुरू झाल्या त्या नावापुरत्या. गिरणी होती तोवर तिच्या चिमणीकडे कुणी सौंदर्य म्हणून पाहिलं नाही. तिचा भोंगा ऐकू आला की पाळीला पळायचं, एवढाच संबंध. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे आणि चिमणी तशीच उभी आहे, तिच्याखाली माणसं सेल्फी काढतात. धूर थांबला तेव्हा चिमणीची थीम झाली. आजूबाजूला टॉवर उठले, त्यांच्या माहितीपत्रकांतही तीच यादी: तलाव, जिम, मुलांची खोली, मिनी थिएटर, चढायची भिंत. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसानं 'अॅमेनिटी डेक' दाखवला तेव्हा तात्या माझ्या कानात म्हणाले, 'ही बिल्डिंगय खंय जाणा नाय मां?'

मग देखाव्यांचं काय, असा प्रश्न मी स्वतःलाच घातला. थीमला नावं ठेवायची तर चिंचपोकळीनं आधी स्वतःच्या मांडवाकडे पाहावं. पण मांडवात एक गोष्ट आहे. काशी असो की महाकाल, मधोमध गणपती असतो. देखावा दरवर्षी बदलतो, त्याच्यावर वाद होतात, पुढल्या वर्षी तो कुणाला धड आठवतही नाही. गणपतीला मात्र 'गेल्या वर्षीचा चांगला होता' असं कुणी म्हणत नाही. अकराव्या दिवशी प्लायवूड उतरतं तेव्हा वाईट वाटतं ते प्लायवूडचं नव्हे. म्हणजे थीम वाईट नाही. तिच्या मधोमध काय ठेवलंय, एवढं पाहायचं.

कौटुंबिक जहाजाच्या मधोमध कुटुंब असणार, अशी माझी भाबडी समजूत. ते कुटुंब परत आल्यावर मी चौकशीला गेलो. सगळे खूश होते, अगदी मनापासून. आठ वर्षांची मुलगी मुलांच्या खोलीतून निघायलाच तयार नव्हती. थोरला भिंत चढून आला आणि पुन्हा पुन्हा चढला. भाऊ नाटकगृहात, वहिनी डेकवर पुस्तक घेऊन, आणि आजी बुफेजवळ, कारण तिथे बोलायला माणसं सापडतात. ज्याला जे हवं ते मिळालं, आणि म्हणूनच कुणी कुणाला फारसं भेटलं नाही. 'सगळे एकत्र कधी होतात?' मी विचारलं. वहिनींनी आठवून सांगितलं, 'जेवायला. आणि ते पहिल्या दिवशी जॅकेट घालून उभं करतात ना, तेव्हा.'

ते जॅकेट घालून उभं करणं म्हणजे संकटकाळाची कवायत. ठरलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते पाहायचं. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर जगानं या नियमांची पहिली घडी बसवली. आपल्याकडे ह्या कवायतीला आणखी एक संदर्भ आहे. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला घरी निघालेली माणसं. लालबाग-गिरगावातल्या जुन्या घरांत त्यानंतर कितीतरी वर्षं बोटीचं नाव निघालं की आई गप्प होत असे. म्हणून आजींनी ते जाकीट मुकाट्यानं, अगदी शेवटचा बंद नीट आवळून घातलं, असं वहिनी म्हणाल्या. नातवंडं हसत होती. आजींनी तिघांचेही बंद तपासले, मुलाचाही. मला वाटतं, साऱ्या फेरीत त्या जहाजावर कुटुंब असं दिसलं ते त्या पंधरा मिनिटांत, नारिंगी रंगात.

याचा अर्थ सोयी नकोत असा नाही. सतरंजीवर एकत्र बसलेलं कुटुंब प्रेमानंच बसलं होतं असं कुणी सांगावं? दुसरी जागाच नव्हती. आठ वर्षांच्या पोरीला रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला कुणी मुलांची खोली दाखवली असती, तर तिनं डोळे मिटून पोर तिथे नेऊन ठेवलं असतं. कष्ट आणि माया एकाच ट्रंकेत भरल्या होत्या म्हणून आपण दोन्हींना एक समजतो. आता ट्रंक सुटी झाली आहे, तर माया वेगळी काढून जपावी लागेल. ती माहितीपत्रकात छापून येत नाही, आणि आली तर तिचे वेगळे पैसे लागतील.

तात्यांनी मात्र विषय सोडलेला नाही. गोव्याला जाणारी बोट रात्री देवगडावरून, मालवणावरून, त्यांच्या वेंगुर्ल्यावरून न थांबता पुढे जाते, ही त्यांच्या मते शुद्ध नासाडी आहे. त्यांची सूचना मी जशीच्या तशी पुढे ठेवतो, जहाजवाल्यांपैकी कुणाच्या उपयोगी पडलीच तर पडली. दरवर्षी मे महिन्यात एक फेरी अशी करावी, की बोट देवगडासमोर अर्धा तास उभी राहील. तलाव, भिंत, जादूगार सगळं तसंच चालू ठेवावं, कुणाची तक्रार नाही. फक्त किनाऱ्यावरून दोन पडाव येतील, ज्यांना उतरायचं ते उतरतील आणि रिकाम्या जागेत हापूसच्या पेट्या चढतील. बुफेचं काय करायचं हा प्रश्न तिथल्या तिथे सुटेल, आणि पनीरही कुणी मागणार नाही.