लांबचं लवकर

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे शाळेत आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. त्या गणितातली आगगाडी कधी क्रॉसिंगला थांबत नसे, की दरड कोसळली म्हणून घाटात अडकत नसे. विमानाचं गणित तर याहून सोपं असायला हवं. आकाशात ना खड्डे, ना टोलनाके.

आता दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर अंतर भरतं साधारण १२,४०० किलोमीटर, आणि तो दोरा जातो उत्तर ध्रुवाजवळून. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जाई: सुमारे १३,९०० किलोमीटर, साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी उलटी दिशा धरली, पॅसिफिकची. अंतर वाढून १५,३०० वर गेलं आणि विमान साडेचौदा तासांत पोचलं! गणिताच्या मास्तरांनी या उत्तरावर लाल रेघ मारली असती.

करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. ते तोंडावर घेतले तर विमान रखडतं, पाठीशी घेतले तर सुसाट सुटतं. पृथ्वी खालून फिरते म्हणून हा फरक पडतो, असं सांगणारे जाणकार प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. पृथ्वी आपली हवाही बरोबर घेऊनच फिरते, पण हे त्यांना पटवण्यात तिसरा चहा होतो.

घड्याळाची गंमत आणखी वेगळी. उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे चारला निघालेलं हे विमान साडेचौदा तास उडून उतरतं, तेव्हा तिकडे त्याच दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. प्रवास दोन तासांचा! दख्खनच्या राणीलाही पुण्याहून मुंबई गाठायला याहून जास्त वेळ लागतो. अर्थात मिळालेले साडेबारा तास परतीच्या वाटेवर मुकाट कापून घेतले जातात.

परतीचं विमान तेव्हा अटलांटिकवरूनच येई. म्हणजे एका रिटर्न तिकिटात पृथ्वीप्रदक्षिणा. कार्तिकेय जगाला वळसा घालायला निघाला, गणपतीने आईबापांभोवती फिरून पैज जिंकली. कॅलिफोर्नियातल्या आपल्या मुलांना मात्र आईबापांपर्यंत पोचायलाच आधी कार्तिकेय व्हावं लागे. मोदक त्यानंतर.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास पुन्हा वाढले. अमेरिकेच्या काही विमानांना तर इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. विमानतळ होते तिथेच होते.

तेव्हा कोणाला आणायला जाणार असाल तर एवढं करा: तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, त्यांची वजाबाकी करून प्रवासाचे तास काढू नका.