सीन ४७ : पाऊस पडतो

स्वतःच लिहून स्वतःच दिग्दर्शन करणाऱ्याच्या अंगात दोन माणसं राहतात आणि त्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. आमच्यातला लेखक रात्री जागतो. पंख्याखाली मांडी घालून 'पाऊस पडतो' असं लिहितो, पुढे 'धो-धो' फुकटात जोडतो आणि तृप्त होऊन झोपतो. सकाळी तो पाऊस पाडायचा दिग्दर्शकाने. बरं, सिनेमा दुष्काळावर. शूटिंग माण तालुक्यात, एप्रिलमध्ये.

पैशांची गोष्ट थोडक्यात उरकतो. पैसेही थोडक्यातच उरकले. श्याम बेनेगलांच्या 'मंथन'साठी (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते, हे मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फार गहिवरून लिहिलं. धाकट्या काकांनी तत्काळ २ रुपये पाठवले. खाली 'यशस्वी भव'. उरलेले ४,९९,९९९ दाते अजून यायचेत. मग बायकोला फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय अख्ख्या युनिटला रांधून घातलं! बायको बँकेत कर्जाच्या फायली तपासते. तिने एवढंच विचारलं, "फाळक्यांनी एप्रिलमध्ये पाऊस पाडला होता का?" आणि एफडी मोडली.

पडद्यावरच्या पावसाचे नखरे फार. समोरून उजेड टाकला तर थेंब कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. उजेड मागूनच हवा. म्हणजे मोठे दिवे, म्हणजे जनरेटर. थेंबही जाड हवेत, नाहीतर धुकं वाटतं. म्हणजे पंप, भोकं पाडलेले पाइप आणि टँकर. पंप सुरू झाला की साउंडवाला हेडफोन काढून गळ्यात अडकवतो आणि दिग्दर्शकाकडे बघत राहतो. त्या बघण्याचा अर्थ, सगळे संवाद पुन्हा डब करायचे. टँकर मी लांबून, रोख पैसे मोजून मागवला होता. पण त्या गावात टँकर आला की तो कोणी, कशासाठी आणलाय याची चौकशी करण्यात कोणी वेळ घालवत नाही.

"ॲक्शन!" पाऊस सुरू झाला. आमचा नायक आकाशाकडे तोंड करून, हात पसरून उभा राहिला. (हात पसरणं लेखकाचं. माझा विरोध होता.) आणि मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्यातून एक हंडा आत आला. पाठोपाठ कळशी. मग बादल्या, घमेली, एक पिठाचा डबा. पाइपाखाली बघता बघता शिस्तीत रांग लागली.

असिस्टंट ओरडला, "ओ मावशी, फ्रेममधून बाहेर व्हा!"

"तुझी फ्रेम ने की तिकडं. माझा नंबर लागलाय."

मी "कट" म्हटलं. पुन्हा म्हटलं. पंपवाल्याला त्या आवाजात ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी उपयोग नव्हता. त्याची सासुरवाडी त्याच गावची, हे नंतर कळलं.

टँकर संपला तेव्हा सगळी आळी भिजली होती आणि नायक जवळजवळ कोरडा होता. रांगेने त्याला हळूहळू पाइपाखालून बाहेर सरकवलं होतं. हात मात्र पसरलेलेच. नट गुणी.

तेवढ्यात निर्मातीचा बँकेतून फोन.

"झाला का पाऊस?"

"झाला."

"कसा झाला?"

"सगळ्यांना सारखा."

संध्याकाळी मावशींनी युनिटला चहा पाठवला. पाणी आमच्याच टँकरचं असणार, पण चहा उत्तम होता. कपबश्या न्यायला त्या स्वतः आल्या आणि जाता जाता माझ्याजवळ थांबल्या.

"उद्या किती वाजता हाय पाऊस?"

उद्याच्या कॉलशीटवर रखरखीत उन्हात नायकाचं मूक रडणं होतं. रात्री लेखक वही घेऊन बसला. त्याच्या हातातलं पेन काढून घ्यायला दिग्दर्शक तिथे असायला हवा होता, पण तो बाहेर ओट्यावर उभा राहून टँकरवाल्याशी भाव करत होता.